सात नंबर आयर्न पुन्हा पुन्हा मातीत घुसतंय? आधी बॉल बाजूला ठेवा

गोल्फमधला प्रॉब्लेम असा की सात नंबर आयर्ननं, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबनं (गोल्फच्या काठीनं), चार-पाच बॉल एकदम टकाटक लागतात, हाताला काही जाणवतच नाही इतके गोड लागतात, मनात येतं चला जमलं बाबा, आणि सहाव्या बॉलला क्लब बॉलच्या मागं धप्पकन जमिनीत. ढेकूळ पुढं जातंय आणि बॉल वीस पावलांवर जाऊन बसतो. मग पुढच्याला भीतीनं हात वर उचलले जातात की बॉलच्या डोक्यावर टप्पा, सरपटत जाणारा. एकदा फॅट (बॉलच्या आधी माती), एकदा थिन (बॉलच्या डोक्यावर), आणि मधेच एखादा भारी, म्हणजे आशा पण सुटंना. ज्याला हे होतंय त्याला वेगळं सांगायची गरज नाही.

माझं हे दोन वर्षं चाललं. बरं व्हायचं, महिनाभर नीट चालायचं, परत सुरू. म्हणून सगळं सविस्तर लिहायलोय, कारण परत परत का होतंय हेच मला लई उशिरा कळलं. मी उजव्या हातानं खेळतो, डावखुऱ्यांनी उलटं समजून घ्या.

आधी थोडं कुठं खेळतो ते, कारण खरी मेख तिथंच आहे. गोल्फ शिकलो पुण्यात नोकरीला असताना, आता अंबाजोगाईला परत आलोय. पुण्याला जाऊन खेळायचं म्हणजे जायलाच सहा-सात तास, ते वर्षातून चार-पाच वेळा. बाकी प्रॅक्टिस गावाबाहेरच्या माळावर, बालाघाटाचा आपला नेहमीचा मुरमाड माळ, गवत जेमतेम. सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता सेकंडहँड क्लब आणि पंधरा-वीस जुने बॉल घेऊन जायचो. बघणाऱ्याला वाटायचं जमीन मोजणीवाला आलाय.

माळावर माझा बॉल चांगला जायचा. पुण्यात रेंजवर, म्हणजे प्रॅक्टिसच्या मैदानात, हिरव्या मॅटवरून मारला तरी चांगला जायचा. आणि खऱ्या कोर्सवर गवतात उभा राहिलो की माती. मला वाटायचं कोर्सवर टेन्शन येतंय, लोक बघतात, म्हणून होतंय. त्यावर मी काय काय उपाय केले विचारू नका, श्वास मोजणं झालं, डोळे मिटून बॉल बघणं झालं, व्हिडिओ बघून ग्रिप (क्लब धरायची पद्धत) बदलली, स्टान्स (दोन पायांतलं अंतर) रुंद केला, मग अरुंद केला, डोकं अजिबात हलवायचं नाही म्हणून मान आखडून घेतली. प्रत्येक उपायानं आठवडाभर फरक पडायचा.

मग मागच्या ऑक्टोबरात तात्यांच्या रानात सोयाबीन काढून झालं होतं, हरभरा पेरायला आठवडा बाकी होता, पाऊस पडून गेलेला, काळी माती मऊ पडलेली. म्हटलं माळावर दगड लई, इथंच मारावं. पहिल्या दहा बॉलमधले आठ मातीत. क्लब असा रुतायचा की मनगटापर्यंत झटका. तात्या बांधावर बसून तंबाखू मळत बघायले होते. शेवटी उठून आले, माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघून म्हणले, "आरं, सगळे खड्डे एकाच जागी पाडलेस की. चार बोटं मागं. माझं रान उकरायलास का बॉल मारायलास?"

त्यांना राग रानाचा होता, पण मी खाली बघितलं आणि खरंच. सगळी उकरण एका रेषेत, जिथं बॉल ठेवला होता त्याच्या बरोबर चार बोटं मागं. म्हणजे माझा स्विंग डळमळीत नव्हताच, तो रोज एकाच जागी चुकत होता!

आता हे माळावर का कळलं नाही? आयर्नचा खालचा भाग, सोल म्हणतात तो, जरा गोलसर असतो. कडक जमिनीवर किंवा मॅटवर तुम्ही बॉलच्या मागं आपटलात तरी क्लब आत घुसत नाही, घसरतो आणि घसरत घसरत बॉलला जाऊन लागतो. बॉल बऱ्यापैकी उडतो पण. तुम्ही खूश. मऊ मातीत किंवा पाणी घातलेल्या गवतात तोच क्लब धारेनं आत जातो आणि संपलं. म्हणजे चूक कायमची होती, कडक जमीन तिला झाकून घेत होती, आणि मी दोन वर्षं बॉल कुठं गेला ते बघून ठरवत होतो की स्विंग बरा झाला का नाही. बॉल फसवतो. माती फसवत नाही.

तर पहिली टेस्ट, आणि बाकी काही नाही केलं तरी एवढी कराच. मऊ जमीन शोधा, रानाचा कोपरा, नदीकाठची वाळू, काहीही. त्यावर रांगोळीनं एक सरळ रेघ ओढा, तुमच्या दोन पायांच्या मधोमध येईल अशी आणि मारायच्या दिशेला आडवी. बॉल ठेवायचाच नाही. सात नंबरनं दहा स्विंग करा, दर वेळी रेघेवर थोडं पुढं सरकत जा म्हणजे प्रत्येक स्विंगची खूण वेगळी राहील. मग वाकून बघा. माती रेघेवर किंवा रेघेच्या पुढं, म्हणजे टार्गेटच्या बाजूला, उकरली गेली पाहिजे. मागं असेल तर फॅटचा आजार आहे. माझ्या दहापैकी नऊ मागं होत्या. (रांगोळीचा डबा देवघरातला नेऊ नका, आईनं मला दिवाळीच्या तोंडावर पकडलं होतं, त्यानंतर बाजारातून दहा रुपयांची वेगळी आणली.)

खुणा कशा आहेत यावरून कारण बऱ्यापैकी कळतं. सगळ्या खुणा एकाच जागी मागं असतील तर उभं राहण्यात किंवा वजनात गडबड आहे. एक मागं, एक पुढं, एक लागलीच नाही अशा विखुरलेल्या असतील तर मनगटं लवकर सुटतायत नाहीतर मारताना शरीर वरखाली होतंय. हे काही शंभर टक्के नाही पण कुठून सुरुवात करायची ते ठरतं.

क्लबहेड, म्हणजे क्लबचं डोकं, फिरतो तो गोलात फिरतो, त्या गोलाचा एक तळ असतो. आयर्न मारताना आधी बॉल लागायला पाहिजे आणि तळ नंतर यायला पाहिजे, बॉलच्या दोन-चार इंच पुढं. चांगले खेळाडू सात नंबरनं बॉलला मारतात तेव्हा क्लब अजून खालीच येत असतो, साधारण 4 अंशाच्या उतारानं. टीव्हीवर बघा, प्रो लोकांचं गवत उडतं ते बॉलच्या पुढचं उडतं, मागचं नाही. आणि तळ कुठं पडणार हे मुख्यतः छाती आणि वजन कुठं आहे त्यावर. वजन मागच्या पायावर राहिलं की तळ मागं सरकला. एवढंच आहे ते.

मग माझं वजन मागं का राहायचं? इथं मला माझाच दोष सापडला आणि मला वाटतं आपल्याकडच्या निम्म्या लोकांचा हाच असणार. टेनिस बॉल क्रिकेट. आयुष्यभर आपण बॉल वर उचलायला शिकलो, मागच्या पायावर झुकायचं, खांदा खाली टाकायचा आणि बॉलच्या खालून बॅट काढून शेतात सिक्स. गोल्फमध्ये जमिनीवर पडलेला बॉल बघितला की अंगातला तोच माणूस जागा होतो, म्हणतो ह्याला उचलावं लागेल. नाही लागत! सात नंबरचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, आधीच तीस-पस्तीस अंश मागं झुकवून बनवलाय, उचलायचं काम लोखंड करतंय, तुम्ही खाली मारायचं, बॉल आपोआप वर जातो. ऐकायला उलटं वाटतं आणि अंगात मुरायला मला तीन महिने लागले.

आता दुरुस्ती. मी ज्या क्रमानं केली त्याच क्रमानं सांगतो, एकदम सगळं करू नका, एक करा, परत रांगोळीची रेघ बघा.

आधी बॉल कुठं ठेवता ते. सात नंबरला स्टान्सच्या मधोमध किंवा किंचित डाव्या पायाकडं, बस. मी न कळत डाव्या टाचेजवळ ठेवायलो होतो, ती जागा ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबची. ड्रायव्हरला बॉल टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर असतो, तिथं क्लब तळ गाठून वर निघताना लागला तरी चालतो, उलट बराच असतो. आयर्नला ते चालत नाही. बऱ्याच जणांचं फॅट नुसतं बॉल दोन इंच मधे आणल्यानं अर्धं कमी होईल. दोन तुराट्या घ्या, एक पायासमोर टार्गेटच्या दिशेनं आणि एक तिला काटकोनात बॉलच्या रेषेत, म्हणजे बॉल खरा कुठंय ते दिसतं. वरून बघताना डोळा फसतो. दुकानात ह्याच कामाच्या रंगीत काड्या मिळतात पण तूर काढल्यावर आपल्याकडं तुराट्यांचा ढीग पडलेला असतो, पैसे कशाला घालायचे.

मग वजन. हा मेन उपाय. सुरुवातीलाच साठ-सत्तर टक्के वजन डाव्या पायावर टाकून उभं राहा, उजव्या पायाची टाच उचला, फक्त चवडा टेकवून ठेवा, आणि कमरेच्या उंचीपर्यंतचा अर्धा स्विंग. मागं झुकायला जागाच नाही, झुकलात तर पडाल. पहिल्या दिवशी पन्नास अर्धे स्विंग बॉलशिवाय, मग बॉल रेघेवर ठेवून. बॉल पन्नास-साठ पावलं गेला तरी लई झालं. आवाज ऐका. आधी 'टक्' आणि मग मातीचा 'खस्स', हा क्रम आला की समजा झालं. उलटा क्रम आला की परत बॉल काढून ठेवा. मला ह्या एकाच गोष्टीला तीन आठवडे लागले आणि त्यात मी एकही फुल स्विंग मारला नाही, ते सगळ्यात अवघड होतं, कारण हात शिवशिवतात.

टॉवेलची पण एक ट्रिक आहे. पंचा घडी घालून बॉलच्या मागं वीतभर अंतरावर ठेवायचा आणि त्याला न लागता मारायचं. जमायला लागलं की हळूहळू जवळ आणत चार बोटांवर आणायचा. पंचा उडाला की कळलंच.

मनगटं लवकर सुटण्याचं मी थोडक्यात सांगतो कारण माझा तो मुख्य प्रॉब्लेम नव्हता. वरून खाली येताना क्लब फेकल्यासारखा होतो, गळ टाकल्यासारखा, मग तळ बॉलच्या आधीच येतो. ह्यावर सुद्धा अर्धे स्विंगच, आणि मारून झाल्यावर थांबून बघायचं की हात क्लबहेडच्या पुढं होते का मागं. फोन बाजूला दगडाला टेकवून स्लो मोशन लावा, कोच नसला तरी तेवढं दिसतं.

आणि एक, जोर कमी करा. हे सगळे सांगतात आणि कुणी ऐकत नाही, मी पण नव्हतो ऐकत. बॉल आणि क्लब एकमेकांना लागलेले असतात तो वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. त्यात तुम्ही काहीच दुरुस्त करू शकत नाही, जे काय व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं. आदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, 2021 साली, ब्राँझ एका शॉटनं हुकलं, आणि लांब मारण्यात ती बाकीच्यांच्या बरीच मागं होती. ऑलिम्पिकमधल्या चौथ्या नंबरला लांबी नाही लागली तर माळावर मला का लागावी.

फॅट कमी झालं आणि लगेच दुसरं लचांड निघालं, बॉल उजवीकडं वळायला लागला. स्लाइस. घाबरू नका, बहुतेकांचं असंच होतं, कारण आधी मातीच मारायलो होतो तेव्हा वळायला बॉल हवेत जायचाच कुठं. इथं एक जुना गैरसमज आहे की बॉल स्विंगच्या दिशेनं निघतो. नाही. बॉल मुख्यतः फेस जिकडं बघत असेल तिकडं निघतो, आणि फेस अन् स्विंगची वाट ह्यांच्यात जो फरक असेल त्यानं वळतो. म्हणून आधी हे बघा की निघाला कुठं आणि मग वळला कुठं. डावीकडं निघून उजवीकडं वळला तर तुम्ही बाहेरून आत ओढताय, क्रिकेटमधला लेगसाइडचा ओढा. सुरुवातच उजवीकडं आणि अजून उजवीकडं गेला तर फेस उघडा राहतोय, तिथं ग्रिप बघा, वरून बघितल्यावर डाव्या हाताच्या दोन-तीन गाठी दिसल्या पाहिजेत, मला एकच दिसायची.

माझी खास आयडिया होती, बॉल उजवीकडं जातोय ना, मग डावीकडं तोंड करून उभं राहायचं. त्यानं ओढा अजून वाढला आणि बॉल अजून वळला. दर आठवड्याला अजून थोडा डावीकडं वळायलो होतो, तुराटी टाकून बघितलं तर मी टार्गेट सोडून बाजूच्या बाभळीकडं तोंड करून उभा होतो. सरळ उभं राहिल्यावर निम्मा स्लाइस गेला.

ड्रायव्हरला स्लाइस असेल तर फेसवर बॉल कुठं लागतोय तेही तपासा. फेसवर टाल्कम पावडर चोळा आणि एक मारा, ठसा उमटतो. ठसा टाचेच्या बाजूला, म्हणजे दांडीकडं असेल तर त्या लागण्यानंच बॉलला उजवीकडची फिरकी मिळते, स्विंग चांगला असला तरी. मग बॉलपासून थोडं लांब उभं राहून बघा, ग्रिपला हात लावायच्या आधी. आयर्नचा ठसा दांडीच्या मुळाशी दिसला तर तो शँक आहे, त्याच्याबद्दल मी बोलत नाही, नाव काढलं की येतो.

सामानाचं पण बघा, आपल्या हवेत हे महत्त्वाचं आहे. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत क्लब ठेवले तर मुठीवरच्या रबरी ग्रिप कडक होऊन चकाकायला लागतात, मग हात घट्ट आवळला जातो, मनगट आखडतं आणि पुन्हा सगळं बिघडतं. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण लावून ब्रशनं घासा, सावलीत वाळवा, बराच फरक पडतो. नाही पडला तर ग्रिप बदला. जास्त उष्णतेनं क्लबहेड चिकटवलेला गोंद पण सैल होऊ शकतो, हेड हलवून बघा, खडखड आवाज आला तर तो क्लब अजिबात फिरवू नका, हेड सुटून कुणाला लागलं म्हणजे? ग्लोव्हला तळहाताच्या खालच्या गादीपाशी भोक पडत असेल तर क्लब हातात सरकतोय, म्हणजे हाताच्या फार वरच्या भागात, तळव्यात धरलाय, बोटांत धरा.

माळावर मारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मुरमावर फुल स्विंग मारू नका, खाली दगड लागला तर मनगट जातं आणि क्लबची धार पण, मी एक नऊ नंबर असाच घालवला. जुन्या पोत्यात भुसभुशीत माती पसरून भरा, तोंड शिवा, नीट सपाट करा, त्यावरून मारा, त्यावर रेघ पण ओढता येते आणि ते कडक जमिनीसारखं खोटं बोलत नाही. आणि समोर मेंढरं, माणसं, रस्ता असेल तर खरा बॉल नको, स्पंजचा वापरा. जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजन असतं बॉलचं, ऐकायला काहीच नाही, पण लागला तर गोफणीतल्या दगडासारखा लागतो.

आता परत आलं तर काय? येतंच. माझं दर दीड-दोन महिन्यांनी येतं, विशेषतः क्रिकेट खेळून आल्यावर दुसऱ्या दिवशी. आधी मी घाबरून सगळा स्विंग उचकटायचो, आता काहीच बदलत नाही, पहिल्यांदा बॉल खिशात आणि रेघ जमिनीवर. दहा खुणा. मागं असतील तर तुराटी टाकून बॉलची जागा, मग उजवी टाच उचलून वीस अर्धे स्विंग, परत रेघ. बहुतेक वेळा अर्ध्या तासात जागेवर येतं. मागच्या वेळी पुण्याला गेलो तेव्हा अठरा होलमध्ये फॅट तीन झाले, त्याआधीच्या फेरीत मोजणं सोडून दिलं होतं.

उताराचं मात्र अजून जमंना. बॉल उतारावर असला, डावा पाय खाली आणि उजवा वर, की माझं शरीर घाबरून परत मागं झुकतं आणि चार बोटं मागं खड्डा. सध्या एवढंच करायलोय की खांदे उताराला समांतर ठेवायचे, बॉल थोडा उजव्या पायाकडं घ्यायचा आणि मारून झाल्यावर उताराच्या दिशेनं एक पाऊल चालत जायचं. दहात चार लागतात. तात्यांच्या विहिरीकडचा उतार बरा आहे ह्या कामाला, पण तिथं हरभरा उगवलाय, काढणी होईपर्यंत मला बांधाच्या अलीकडं यायची बंदी आहे.